बंड्या गुरगुरला नाही

"सांगितलं नाही, सवरलं नाही, सरळ दात लावला," मामा म्हणाले.

त्यांच्या नातवाच्या मनगटावर दोन निळसर ठिपके होते आणि त्यातल्या एकाच्या कडेला जेमतेम खरचटलेलं. मामींनी त्याच क्षणी नळाखाली हात धरून साबणानं चांगली पंधरा मिनिटं धुतला होता, आणि बंड्याला लस टोचलेली असूनही पोराला घेऊन त्या तडक सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या. त्या बाजूनं मला सांगायला काही उरलंच नव्हतं. उरला होता तो बंड्या. गोठ्याच्या खांबाला आखूड साखळीनं बांधलेला, हनुवटी पुढच्या पायांवर टेकवलेली, आणि नजर आम्हाला सोडून बाकी सगळीकडे.

मामा पोलिसांच्या श्वानपथकातले. "कागदावर श्वान हस्तक, तोंडी हँडलर," असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यावर पुरंदरातल्या वडिलोपार्जित घरी येऊन राहिले. चार शेळ्या, दोन गायी, थोडे अंजीर. मी पुण्यात असते. माझ्याकडे लोक कुत्र्यांच्या तक्रारी घेऊन येतात: भुंकतो, चपला फाडतो, पाहुण्यांच्या अंगावर जातो. या कामाला मराठीत धड नाव नाही. मामांनी एक शोधलंय, 'कुत्र्यांची मानसोपचारवाली'. परवा फोनवर म्हणाले, "ये एकदा. तुझी ती गोडीगुलाबी बघू तरी. रविवारपर्यंत फरक पडला तर ठीक, नाहीतर बंड्याला माळावर सोडून येतो." ते सोडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मामींना ठाऊक नव्हतं. म्हणून गेले.

"आधी गुरगुरायचा का?" मी विचारलं.

"गुरगुरायचा की! ताटलीजवळ कुणी गेलं की घर्रर्र सुरू. दिवाळीनंतर ते खूळ मी मोडलं."

"कसं मोडलंत?"

"कसं म्हणजे? दोनदा पट्टा दिला. तिसऱ्यांदा नुसता दाखवला. बंद."

"मग तो सांगत होता, मामा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सांगत होता. तुम्ही त्याचं सांगणं बंद केलंत. राग जिथल्या तिथंच राहिला."

मामांनी चुन्याची डबी काढली. हे त्यांचं विचार करण्याचं लक्षण नव्हे, हे वाद सुरू होण्याचं लक्षण. "म्हणजे माझ्या घरात, माझ्या भाकरीवर जगणारा कुत्रा माझ्या नातवावर गुरगुरणार, आणि मी म्हणायचं, सांग बाबा, अजून काय काय तक्रार आहे तुझी?"

"साधारण तसंच."

"उद्या म्हणशील, त्याला ग्रामसभेला न्या."

मी हसले, पण मुद्दा सोडला नाही. कुत्रा चावण्याआधी पुष्कळ बोलतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. समोर खाणं नसताना जिभेनं नाक चाटतो. मान फिरवतो, अंग ताठ करतो, डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची चंद्रकोर दिसते. यातलं काहीच कुणी ऐकलं नाही तर गुरगुरतो. तेही नाही ऐकलं तर हवेत दात वाजवतो. चावणं सगळ्यांत शेवटी. तुरिद रुगास नावाच्या नॉर्वेतल्या बाईंनी या बारीक खुणांवर आख्खं पुस्तक लिहिलंय. गुरगुरण्यावर मार मिळाला की कुत्रा शिकतो ते एवढंच, की ही पायरी वापरायची नाही. पायरी गेली, जिना राहिला. वर पोचायचं तर तो उडी मारूनच पोचणार.

"आणि म्हणून तो 'न सांगता' चावला," मी म्हटलं.

"हे सगळं मला दिसतं," मामा शांतपणे म्हणाले. "चंद्रकोर म्हणालीस ना, ती मी पंचवीस वर्षं बघत आलो. तुला काय वाटलं, पट्टा मी अंदाजानं काढायचो?"

हे त्यांचं खरं होतं. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्यांना कुत्र्याची शेपटी हलली की तो खूशच आहे असं वाटतं. मामांना शेपटी किती उंचीवर, किती ताठ, कुठल्या लयीत हलतेय ते कळतं. आमचं भांडण बघण्यावरून नव्हतंच. बघितल्यावर हात कुठं जातो, यावरून होतं.

"घरात नायक एकच असतो," मामा पुढं म्हणाले. "लांडग्याची जात आहे ती. टोळीत एक वरचढ असतो, बाकीचे दबून राहतात. माणूस वरचढ राहिला नाही तर कुत्रा होतो. टीव्हीवरसुद्धा दाखवतात."

"टीव्हीचं राहू द्या. तुमच्या माळावर लांडगे आहेत की नाहीत?"

"आहेत ना. सुप्याकडं जास्ती. धनगरांची मेंढरं नेतात."

"टोळी कशी असते?"

"टोळी कसली, चार-पाच जण. जोडी असते, त्यांची मोठी झालेली पोरं, आणि दिवस असले तर बारकी पिल्लं. बापानं खाऊन यायचं आणि पिल्लांपुढं ओकायचं. धनगर सांगतात."

"म्हणजे कुटुंब."

"कुटुंबच म्हण."

शास्त्रज्ञांना हे कळायला धनगरांपेक्षा जास्त वेळ लागला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांबद्दल लिहिलं. एका कुंपणात कोंडलेले लांडगे. भांडणार नाहीत तर काय करतील? त्या भांडणांतून 'वरचढ नर' आणि 'वरचढ मादी' आले. १९७० साली डेव्हिड मेक यांच्या गाजलेल्या पुस्तकातून ते जगभर गेले. पुढं मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ कितीतरी उन्हाळे काढले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं, की ज्यांना आपण टोळीचे नायक म्हणतो ते बहुतेक वेळा नुसते आई-बाप असतात. जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून त्यांनी प्रकाशकाच्या मागं लकडाही लावला होता. पण पुस्तकातून एकदा बाहेर पडलेली गोष्ट परत आत जात नाही. आज कुत्र्याच्या आधी जेवा, दारातून त्याच्या आधी आत जा, असले सल्ले देणारे लोक ज्या लांडग्याचा दाखला देतात, तो लांडगा पिंजऱ्यातला आहे.

"बापसुद्धा कानफटात देतो," मामा म्हणाले.

"तुम्ही मामेभावाला दिलीत?"

"दिली तर! एकदा. त्यानंतर तो मला काही सांगेनासा झाला." चुना तंबाखूवर तसाच राहिला. मग त्यांनी विषय बदलला. "पण बंड्याला चुकलेलं कळतं, हे तू नाकारू शकत नाहीस. चावल्यावर तोंड बघायला हवं होतंस. कान मागं, शेपूट पोटात, नजर खाली. गुन्हेगाराचा चेहरा मी ओळखतो. हयात गेली त्यात."

"त्या वेळी तुमच्या हातात काय होतं?"

"काय असणार? पट्टा."

मी त्यांना न्यूयॉर्कचा प्रयोग सांगितला. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा, २००९ सालचा, चौदा पाळीव कुत्र्यांवरचा. मालकानं खाऊ ठेवायचा, 'खायचं नाही' म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. तो बाहेर असताना कधी कुत्र्याला तो खाऊ दिला जायचा, कधी उचलून घेतला जायचा. मालक आत येण्याआधी त्याला कधी खरं सांगायचे, कधी खोटं. कुत्र्यानं खाल्लं असं कळलं की मालक रागवायचा. आता तो अपराधी चेहरा कुणाचा झाला? ज्यांना रागावलं त्यांचा. खाल्लं की नाही याच्याशी त्याचा काही संबंध दिसेना. उलट, न खाता बोलणी खाल्ली त्यांचाच चेहरा सगळ्यांत जास्त पडला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामी चहा ठेवून गेल्या. कपावर साय धरली.

"चौकीत असं व्हायचं," शेवटी ते म्हणाले. "दंडुका टेबलावर असला की समोर कुणीही बसवा, तो चोरच दिसतो. घाम, थरथर, नजर चुकवणं, सगळं पंचनाम्यात लिहिण्यासारखं. आमचे एक साहेब होते. ते आत आले की पहिल्यांदा दंडुका उचलून बाहेर ठेवायला लावायचे. आम्ही हसायचो त्यांना."

हा माझा विजय नव्हे, असं मी स्वतःला बजावत होते. कारण तोवर मला तो तसा वाटायला लागला होता.

मामा इतक्यात हरणारे नव्हते. "बरं, मार नको. मग तुझं काय? बिस्किट? शेळी मोकळी सुटलीय, बंड्या तिच्या मागं लागलाय, आणि मी उभा राहून म्हणू, ये रे राजा, बिस्किट घे? ही लाच झाली. आणि लाच कशाला म्हणतात ते मला तू शिकवू नकोस."

"लाच आधी दाखवतात. पगार काम झाल्यावर मिळतो."

"काहीतरी शब्दांचे खेळ."

"बरं, तुमच्या पथकातल्या कुत्र्याला वास शोधायला कसं शिकवायचात?"

आणि मामांचा चेहरा बदलला. मी त्यांना या विषयावर शंभरदा ऐकलंय. ऐकायला कंटाळा येत नाही. त्यांचं लॅब्रॅडॉर होतं, बॉम्बशोधक. आधी नुसता चेंडू. चेंडूचं वेड लावायचं, इतकं की चेंडू दिसला नाही तर तो जेवण सोडेल. मग एकसारख्या डब्यांपैकी एकात स्फोटकाचा नमुना. कुत्रा हुंगत जातो, बरोबर डब्याशी थबकतो, खाली बसतो. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, नुसतं बसायचं. बॉम्ब आहे तो. आणि बसला रे बसला की त्याच क्षणाला चेंडू. "क्षण चुकला तर सगळं गेलं," मामा म्हणाले. "तो उठल्यावर चेंडू दिलास तर तो उठायला शिकतो." मुंबई पोलिसांच्या झंजीर या कुत्र्याबद्दलही ते असंच बोलतात, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. १९९३च्या स्फोटांनंतर त्यानं हुडकून काढलेलं ३,३२९ किलो आरडीएक्स, आणि २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी दिलेला सन्मानाचा निरोप.

"पट्ट्यानं मारून हे शिकवता आलं असतं?"

"छे! घाबरलेला कुत्रा नाक वापरत नाही. त्याचं सगळं लक्ष हँडलरच्या हाताकडं."

मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग बंड्याकडे. "ते काम होतं," ते जरा घाईनं म्हणाले. "ही शिस्त आहे. दोन्हीत फरक आहे. बसणं, थांबणं, सोबत चालणं, हे आम्हाला चोक चेननंच शिकवलं. आमच्या उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी."

या वंशावळीचं मूळ बरंच लांब जातं. कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्यानं १९१० साली पोलिसी कुत्र्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात झटका आणि सक्ती यांना मानाचं पान होतं. दोन महायुद्धांतून ती पद्धत सैन्यात गेली, सैन्यातून सुटलेल्या प्रशिक्षकांबरोबर शहरातल्या मैदानांवर आली. माझ्यापर्यंतसुद्धा आली. माझा पहिला कुत्रा मी अशाच एका मैदानावरच्या वर्गाला नेला होता. त्यांनी दिलेल्या साखळीला झटका द्यायला मी शिकले आणि सहा आठवड्यांत तो माझ्या डाव्या गुडघ्याला चिकटून चालायला लागला. सगळे कौतुक करायचे. पुढं कधीही घरात किल्ल्यांचा जुडगा वाजला की तो पलंगाखाली जायचा. साखळी आणि किल्ल्या, आवाज जवळजवळ सारखाच. हे माझ्या लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, आणि ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. मामांनाही तेव्हा सांगितली नाही.

त्याऐवजी पोर्तुगालची पाहणी सांगितली. तिथं २०२० साली पोर्तोच्या संशोधकांनी ९२ कुत्री तपासली. काही बक्षिसावर चालणाऱ्या शाळांतली, काही झटक्याच्या आणि ओरडण्याच्या. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांच्या लाळेत वर्गानंतर ताणाचं संप्रेरक वाढलेलं सापडलं. पुढं त्यांनी एक ताटलीचा खेळ केला. एका कोपऱ्यातल्या ताटलीत नेहमी सॉसेज, दुसऱ्या कोपऱ्यातली नेहमी रिकामी. मग ताटली मधेच कुठंतरी ठेवायची आणि कुत्रा किती उत्साहानं धावतो ते मोजायचं. फार मार खाल्लेली कुत्री रेंगाळत गेली. ताटलीत काही असेल अशी त्यांची अपेक्षाच कमी.

"थांब," मामांमधला पोलीस जागा झाला. "मुळातली खोडकर, भित्री कुत्रीच लोकांनी मारक्या शाळेत घातली असतील तर? मार खाल्ला म्हणून रेंगाळली, की रेंगाळणारी होती म्हणून मार खाल्ला?"

प्रश्न बिनतोड होता, आणि त्या पाहणीपुरतं त्याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. कुत्र्यांना चिठ्ठ्या टाकून शाळा वाटून दिल्या नव्हत्या. मी तसं कबूल केलं. मामा खूश झाले. चहा गरम करून मागवला.

त्यानंतरचा अर्धा तास त्यांचाच होता, आणि त्यातलं बहुतेक मी वहीत उतरवून घ्यावं असं होतं. तुमच्या पुण्यातली कुत्री बाराव्या मजल्यावर राहतात, दिवसातून दोनदा खाली उतरतात, तीही मालक मोबाइलवर बोलत असताना. ती चपला फाडणार नाहीत तर काय कविता करतील? पथकात कुत्र्याला एक हँडलर, एक शब्द, एक वेळ. घरात आई म्हणते 'बस', बाबा म्हणतात 'सिट', आजी म्हणते 'अरे बस ना रे सोन्या' आणि पोळीचा तुकडा टाकते. मग म्हणायचं, ऐकत नाही. एकदा 'नाही' म्हटलेलं नेहमी 'नाही' असायला हवं. थकलेला कुत्रा शहाणा कुत्रा. यातल्या एकाही वाक्याशी माझा वाद नव्हता. मायेनं शिकवणं म्हणजे मोकाट सोडणं, असा समज मामांचा आहे तसा माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांचाही आहे, आणि ती गिऱ्हाइकं मला जास्त दमवतात. शेळीचंही तसंच. ज्याला अजून बोलावल्यावर यायला शिकवलेलं नाही त्याला शेळ्यांत मोकळं सोडायचंच नाही, लांब दोरी ठेवायची. हा नियमच आहे, आणि तो मोडता येत नाही.

"आणि सगळं खाण्यावर चालतं असंही नाही," मी म्हटलं. कोलकात्याला आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी एक गोष्ट करून पाहिली: अनोळखी माणसानं काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खायला दिलं, काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. विश्वास जास्त बसला तो हात फिरवणाऱ्यावर.

"ते आम्हाला कशाला कोलकात्यानं सांगायला हवं," मामी आतून म्हणाल्या. बंड्या सकाळी त्यांच्या पदराला हुंगून मगच पाणी पितो.

उन्हं कलल्यावर आम्ही प्रत्यक्ष कामाला लागलो. नातवाला मामींजवळ आत बसवलं, दाराला कडी. साखळी सोडून लांब दोरी लावली, कारण आखूड बांधलेल्या कुत्र्याला मागं सरता येत नाही, आणि ज्याला मागं सरता येत नाही त्याला पुढंच यावं लागतं. बंड्यापुढं दूध-भाकरीची ताटली ठेवली. माझ्या ओच्यात उकडलेल्या कलेजीचे करंगळीच्या पेराएवढे तुकडे. मी दहा पावलांवर उभी.

आठव्या पावलाशी त्याचं खाणं बदललं. थांबलं नाही, भराभर व्हायला लागलं. मान ताटलीत, पाठ फळीसारखी, आणि एक डोळा माझ्याकडे; त्याच्या कडेला ती पांढरी कोर. मी आणखी पुढं गेले नाही. तिथूनच एक तुकडा ताटलीत टाकला आणि मागं सरले. पुन्हा आठ पावलं, तुकडा, माघार. पुन्हा. ताटलीकडे येणारा माणूस काढून नेत नाही, घालून जातो, एवढंच त्याला कळायला हवं होतं. सात-आठ फेऱ्यांनंतर पाठ जरा सैल झाली. बाराव्या-तेराव्या वेळी त्यानं मान वर केली आणि मला शोधलं. आली का ही? मी सहा पावलांवर गेले.

"एका दिवसात एवढं पुरे," मी म्हणाले. "हे रोज, दोन आठवडे. पोर यातच नाही. त्यानं बंड्या जेवताना जवळ जायचंच नाही, कधीच. तो नियम पोराला, कुत्र्याला नव्हे."

मामा उत्तर देईनात. ते उकिडवे बसून बंड्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "अजून एक टाक," म्हणाले. मी टाकला. "बघ. डावीकडनं चावतोय. उजवीकडं गेला की जिभेनं परत डावीकडं आणतोय. दोनदा पाडला तुकडा."

मी डोळा बघत होते, पाठ बघत होते, शेपूट बघत होते. जबडा बघितलाच नव्हता.

मामा पुढं सरकले. बंड्यानं नाक चाटलं आणि मान फिरवली. मामांचा हात जिथं होता तिथंच थांबला. मला वाटतं, त्या कुत्र्यापुढं तो पहिल्यांदाच थांबला असेल. बंड्यानं परत इकडं तोंड केलं तेव्हा त्यांनी कानाच्या मागं बोटं फिरवायला सुरुवात केली, मग गाल, मग एका अंगठ्यानं अलगद ओठ उचलला. वरची उजवीकडची मोठी दाढ उभी चिरली होती. एक कपची निघून गेलेली, हिरडी लालभडक, आणि डोळ्याखाली, आता बघितल्यावर मलाही दिसली, किंचित सूज.

"दगड चघळतं हे बेणं," मामा म्हणाले. "विहिरीपाशी बसून. ऑक्टोबरात बघितलं होतं मी."

ऑक्टोबर. मग दिवाळी. मग ताटलीवरचं गुरगुरणं.

वागणूक एकाएकी बदलली तर पहिल्यांदा डॉक्टरकडे, दुखणं नाही ना ते बघा, मग माझ्याकडे या. हे वाक्य मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या फोनवर सांगते. इथं सांगितलं नाही, विचारलंही नाही. आल्यापासून मी मामांशी बोलत होते, बंड्याशी नव्हे. दाढ हेच सगळ्याचं कारण असेल असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण ठणकणारी दाढ घेऊन जेवायला बसलेल्या कुणाजवळही सहा वर्षांचं पोर धावत जाऊ नये, एवढं नक्की.

मामांनी ओठ हळूच सोडला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर त्यांच्याकडे होताच. सकाळी नऊला बोलावलं. दाढ बहुधा काढावी लागेल, भूल द्यावी लागेल, रात्री आठनंतर काही घालू नका म्हणाले. फोन ठेवल्यावर मामांनी खुंटीवरचा पट्टा काढला. जुना, सरकारी, पितळी बक्कलाचा. तो नीट गुंडाळला आणि आत ट्रंकेत ठेवून आले. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

साडेसातला बंड्याला मऊ भात दिला. मामींनी कडी काढली आणि नातू, सगळं ऐकून विसरलेला, ओसरीवरून धावत उतरला. बंड्याची मान ताटलीतच होती. पाठ ताठली. आणि मग, दोन महिन्यांनी, अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ ऐकू न येण्याइतका, तो गुरगुरला.

मामांचा हात खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी होती.

"ऐकलंस का रे?" ते नातवाला म्हणाले. "तो काय म्हणतोय? मागं सर. अजून. अजून दोन पावलं."

पोर मागं सरलं. बंड्या भात खायला लागला, डावीकडून.